सेल्सच्या फोनवर भीड न ठेवता "नको" कसं म्हणायचं

मागच्या वर्षी एका दुपारी आईला फोन आला तेव्हा मी बाजूच्याच खोलीत काम करत बसले होते आणि तिचा आवाज ऐकून मला वाटलं कुणीतरी ओळखीचंच असणार, कारण ती "हो का", "बरं बरं", "नाही हो तसं नाही" असं अगदी आपुलकीनं बोलत होती. पंचवीस मिनिटं झाली तरी संपेना म्हणून बाहेर आले तर आई खुर्चीच्या काठावर बसलेली, चष्मा काढून मुठीत धरलेला आणि समोर पर्समधून काढलेलं कार्ड पालथं पडलेलं. फोनवर एक मुलगा कसलातरी आरोग्याचा प्लॅन विकत होता. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पुढचं सगळं मी उभ्या उभ्या ऐकलं. "सध्या नको", "मुलीला विचारावं लागेल", "पुढच्या महिन्यात बघू", "आत्ता जरा अडचण आहे", आईचं चालूच होतं आणि एकेकाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. मुलीला विचारायचंय? मग तिलाच फोन द्या ना. पुढच्या महिन्यात? ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे. अडचण आहे? मग हप्त्याहप्त्यानं भरा. शेवटी मी फोन हातात घेतला, "आम्हाला नकोय, परत फोन करू नका" एवढं म्हटलं आणि ठेवून दिला. आईला सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं पण ती माझ्यावरच चिडली. "अगं असं कसं ठेवलंस, तो बोलत होता ना अजून."

त्या एका वाक्यात सगळं आलं. या फोनला बळी पडणारी माणसं बावळट नसतात, भिडस्त असतात. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं त्यांच्या संस्कारातच बसत नाही. भीड भिकेची बहीण असं जुनी माणसं उगाच म्हणत नव्हती. तेव्हापासून मी हा विषय धसास लावलाय आणि जे कळलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण माझ्या आईसारखी माणसं प्रत्येक घरात आहेत.

आधी पलीकडे काय चाललेलं असतं ते समजून घ्या, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. माझी मावसबहीण दोन वर्षं अशाच फोनच्या नोकरीत होती, तिनं मला कागदावर तिच्या स्क्रीनचं चित्र काढून दाखवलं. एका बाजूला स्क्रिप्ट, म्हणजे काय बोलायचं ते लिहिलेलं, आणि दुसऱ्या बाजूला बटणं. फोन संपला की काही सेकंदांत त्यातलं एक बटण दाबावंच लागतं. इंटरेस्टेड, नॉट इंटरेस्टेड, राँग नंबर, उचलला नाही, कॉलबॅक, डू नॉट कॉल. तुम्ही पाच मिनिटं किती छान, किती नम्रपणे बोललात हे कुठेच नोंदवलं जात नाही, शेवटी उरतं ते एक बटण. आणि तुम्ही "आत्ता मीटिंगमध्ये आहे", "गाडी चालवतोय", "संध्याकाळी बोलू" असं म्हणालात की तिकडे "कॉलबॅक" दाबलं जातं, तारीख आणि वेळ टाकली जाते आणि त्या वेळेला तुमचा नंबर आपोआप वर येतो, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्यातरी स्क्रीनवर. म्हणजे आपण टाळलं असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात आपण अपॉइंटमेंट दिलेली असते. माझ्या मते लोकांना एकाच कंपनीचे परत परत फोन येतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

तिनं दुसरी एक गोष्ट सांगितली. लोक नाही म्हणताना जी कारणं देतात त्यांची त्यांच्याकडे यादीच असते आणि प्रत्येक कारणापुढे त्याचं उत्तर छापलेलं. पैसे नाहीत, आधीच घेतलंय, घरी विचारतो, विश्वास नाही, वेळ नाही, सगळ्यांना उत्तरं आहेत, आणि ट्रेनिंगमध्ये ती पाठ करून घेतात. तुम्ही ते कारण आयुष्यात पहिल्यांदा देत असाल, त्यानं ते त्या दिवसात चाळिसाव्यांदा ऐकलेलं असतं. त्यामुळे कारण देणं म्हणजे दार किलकिलं उघडणं. ज्याला कारणच नाही अशा "नको" ला मात्र त्या कागदावर उत्तर नसतं.

म्हणून माझी पद्धत अगदी साधी आहे आणि ती चार गोष्टींवर चालते. कोण बोलतंय आणि कशासाठी हे एकदा विचारायचं, म्हणजे खरंच कामाचा फोन असेल तर तो चुकत नाही. विक्रीचा आहे हे कळलं की "मला नकोय. माझा नंबर तुमच्या यादीतून काढा, परत फोन करू नका" हे म्हणायचं. का ते सांगायचं नाही. आणि फोन ठेवायचा. "थँक यू" म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्याचं "ओके" ऐकायला थांबू नका. लोक अडकतात ते नेमके इथेच, "नको" म्हणतात आणि मग समोरच्यानं ते मान्य करायची वाट बघत बसतात. तो मान्य करणार नाही, करायची त्याला परवानगीच नसते. माझ्या बहिणीच्या ऑफिसात ग्राहक दोनदा नाही म्हणाल्याशिवाय फोन सोडायचाच नाही असा नियम होता, एकदा नाही म्हटल्यावर ठेवला तर वरचे बोलायचे. फोन ठेवायला त्याची संमती लागत नाही, तो तुमचा फोन आहे.

वाक्य कसं म्हणायचं यालाही महत्त्व आहे. "नको वाटतंय", "बहुतेक नको", "आत्ता तरी नको" यातले वाटतंय, बहुतेक, आत्ता तरी हे शब्द काढून टाका. "सॉरी" सुद्धा नको, तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. आवाज चढवायची गरज नाही, उलट हळू आणि सपाट आवाजात म्हटलेलं "नको" जास्त पक्कं वाटतं. आणि तो मध्येच बोलत राहिला तर तो बोलत असतानाच आपलं वाक्य पूर्ण करा, त्याच्या श्वासाची वाट बघू नका कारण अशी जागा सापडूच नये अशा पद्धतीनंच ते बोलायला शिकवलेलं असतं. ज्यांना हे अवघड जातं त्यांनी आधी घरात कुणाबरोबर तरी दोनतीनदा करून बघा, मी आईकडून करून घेतलं, मी सेल्सवाली झाले आणि ती नको म्हणत होती. पहिल्या वेळी तिला "नको" नंतर "म्हणजे कसं आहे ना" असं आपोआप यायचं. चौथ्या वेळी आलं नाही.

आता त्यांचे डाव. सगळ्यात चिवट प्रश्न म्हणजे "पण का नको, कारण तर सांगा मॅडम". या प्रश्नाला उत्तर द्यायचं कर्तव्य आपलं नाही, पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं अशी आपल्या जिभेला लहानपणापासून सवय असते त्यामुळे काहीतरी निघून जातं. तेव्हा "नकोय म्हणून नकोय" एवढंच परत म्हणा, तेच शब्द, त्यात काही नवीन घालू नका. नवीन शब्द घातला की तो तोच धरतो.

दुसरा डाव छोट्या छोट्या "हो" चा. "मी अमुक अमुक यांच्याशी बोलतोय ना?" हो. "तुम्हाला कुटुंबाची काळजी आहे ना?" हो. "मग फक्त दोन मिनिटं देऊ शकाल?" यामागे बरीच जुनी समज आहे. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो कॅलिफोर्नियातल्या गृहिणींवर फोनवरूनच केलेला होता. काही जणींना आधी फोन करून घरात कुठला साबण वापरता वगैरे किरकोळ प्रश्न विचारले, आणि काही दिवसांनी परत फोन करून विचारलं की आमची पाचसहा माणसं तुमच्या घरी येऊन दोन तास कपाटं उघडून सगळ्या वस्तूंची नोंद करतील, चालेल का. ज्यांना हा मोठा प्रश्न थेट विचारला त्यांच्यातल्या साधारण २२ टक्के तयार झाल्या, आणि ज्यांनी आधी त्या किरकोळ प्रश्नांची उत्तरं दिली होती त्यांच्यातल्या जवळजवळ ५३ टक्के. दुपटीहून जास्त! म्हणून "एक छोटासा सर्व्हे आहे" असं म्हणत सुरू होणारा फोन मला सरळ विक्रीच्या फोनपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. पहिल्याच प्रश्नाला "कशासाठी फोन केलाय ते सांगा" असं म्हटलं की ती साखळी तिथेच तुटते.

बाकीचे डाव पटकन सांगते. "ऑफर आजच संपतेय" असेल तर संपू दे, खरोखर चांगली वस्तू उद्याही चांगलीच असते. "मागच्या वेळी तुम्ही हो म्हणाला होतात", तर "लेखी पाठवा" म्हणा, खोटं असेल तर विषय तिथेच संपतो. आणि "माझं टार्गेट राहिलंय, प्लीज" हे ऐकून जीव कळवळतो हे मला कबूल आहे, पण त्याच्या टार्गेटसाठी आपण वर्षभराचे हप्ते गळ्यात घ्यायचे हा त्याला मदत करायचा मार्ग नाही. त्याला खरी मदत म्हणजे दहा सेकंदांत स्पष्ट नाही म्हणणं, बहिणीनं मला हे छातीवर हात ठेवून सांगितलंय, अर्धा तास घोळवून शेवटी नाही म्हणणारा कस्टमर त्यांना सगळ्यात वाईट पडायचा कारण तेवढ्या वेळात दुसरे फोन झाले असते.

यासाठीच शिव्या देऊ नका असंही मी कळकळीनं सांगते. पलीकडे बसलेल्या पोरानं तुमचा नंबर निवडलेला नसतो, तो मशीननं लावलेला असतो. हे मशीन, म्हणजे डायलर, एका वेळी अनेक नंबर लावतं आणि जो उचलेल तो मोकळ्या असलेल्या माणसाकडे जोडून देतं. तुम्ही "हॅलो" म्हणता आणि एकदोन सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग टक् असा आवाज होऊन मागून ऑफिसचा गलका सुरू होतो, ती शांतता याच्यामुळेच असते. कधीकधी कुणीच मोकळं नसतं आणि फोन तसाच कट होतो, ते मिस्ड कॉल म्हणून आपल्याला दिसतात आणि आपण उगाच परत लावतो. अनोळखी नंबरवर "हॅलो, हॅलो" नंतर ती शांतता आली की मी सरळ ठेवून देते, खरं काम असलेलं माणूस परत लावतंच.

रेकॉर्ड केलेला आवाज असेल तर काहीच बोलायचं नाही आणि काहीच दाबायचं नाही. "यादीतून नाव काढायला ९ दाबा" असं सांगतात, ते दाबू नका, विशेषतः कंपनी ओळखीची नसेल तर. त्यानं नाव निघण्याऐवजी या नंबरवर जिवंत माणूस आहे आणि ते ऐकतंय, एवढीच खात्री त्यांना होते.

एवढं झाल्यावर ज्यांना विक्रीचे फोन नकोत त्यांच्या सरकारी यादीत आपला नंबर घाला. बऱ्याच देशांत अशी सोय आहे आणि फुकट आहे. अमेरिकेत २००३ पासून डू नॉट कॉल रजिस्ट्री आहे, एकदा नंबर घातला की परत नूतनीकरण लागत नाही. ब्रिटनमध्ये टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिस आहे, तिथे पूर्ण लागू व्हायला २८ दिवस लागू शकतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही आहे. भारतात १९०९ वर फोन किंवा मेसेज करून, किंवा मोबाइल कंपनीच्या ॲपमधून, किंवा ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेच्या डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) ॲपवरून होतं, आणि सगळंच बंद करायचं की बँक, प्रॉपर्टी, शिक्षण, आरोग्य अशा विषयांपैकी काही चालू ठेवायचं हे निवडता येतं. तिथे जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून कुणी काही विकत असेल तर तो मुळातच नियमाबाहेर आहे, आणि २०२५ च्या बदलानंतर अशा फोनची तक्रार करायला ३ ऐवजी ७ दिवस मिळतात. तक्रार करा, आळस करू नका. एका नंबरवर ठरावीक तक्रारी जमल्याशिवाय कारवाई होत नाही, म्हणून तुमची एक तक्रार मोजली जाते. त्यासाठी नंबर, तारीख, वेळ आणि कशाबद्दल फोन होता हे लगेच टिपून ठेवा, दोन दिवसांनी आठवत नाही.

यादीत नंबर घालूनही फोन येतातच अशी सगळ्यांची ओरड असते आणि ती खरी आहे. एक तर फसवणूक करणारे लोक कुठलीच यादी बघत नाहीत. दुसरं म्हणजे काही फोनना त्यातून सूट असते, अमेरिकेत राजकीय पक्ष, धर्मादाय संस्था आणि सर्व्हे यांना आहे. आणि तिसरं, जे आपल्या हातात आहे, ते म्हणजे आपणच कुठेतरी परवानगी देऊन ठेवलेली असते. लकी ड्रॉचा फॉर्म, कर्जाची पात्रता तपासायची वेबसाइट, एखादं ॲप, तिथे खाली बारीक अक्षरात "आम्ही आणि आमचे भागीदार तुमच्याशी संपर्क करू शकतो" असं असतं आणि पुढचा चौकोन आधीच टिक केलेला असतो. ते टिक काढायची सवय लावा. आणि जिथे नंबर द्यायची सक्ती नाही तिथे देऊच नका. ज्या कंपनीचे आपण खरंच ग्राहक आहोत ती त्रास देत असेल तर फोनवर भांडण्यापेक्षा ईमेल करा, "मार्केटिंगसाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे" असं एका ओळीत. लेखी असलं की त्यांना ते टाळता येत नाही आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर पुरावा हातात राहतो.

नंबर ब्लॉक करणं मी करते पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका, ते लोक नंबर बदलत राहतात. त्यापेक्षा फोनमधली स्पॅम ओळखायची सोय चालू करा, अँड्रॉइडमध्ये फोन ॲपच्या सेटिंगमध्ये ती असते. आयफोनमध्ये अनोळखी नंबरची रिंग बंद करायची सोय आहे, पण घरात कुणी आजारी असेल, नोकरीच्या फोनची वाट बघत असाल तर ती लावू नका, कामाचा फोनही त्यात गप्प होतो.

घरातल्या मोठ्या माणसांसाठी मात्र एक वेगळी गोष्ट करावी लागते, कारण त्यांना डाव समजावून सांगून उपयोग नसतो, त्यांना समोरच्याचा अपमान होतोय याचंच वाईट वाटतं. आम्ही घरात एक नियम ठरवला, फोनवर कुणीही काहीही विकत घ्यायचं नाही, चांगलं असो वाईट असो. मग आईला आपलं मन मारून त्या मुलाला नाही म्हणावं लागत नाही, घरचा नियम सांगावा लागतो. तिनं स्वतःच्या अक्षरात एका कागदावर "आमच्या घरात फोनवर काही घेत नाहीत. ठेवते." असं लिहून फोन ठेवतो त्या जागेच्या वर चिकटवलंय. पहिले काही दिवस ती ते अक्षरशः वाचून दाखवायची. "ठेवते" वाचलं की ठेवायची. तुमच्या घरातल्या मोठ्यांना हेही सांगा की कितीही गोड बोलला तरी ओटीपी, पिन, कार्डाच्या मागचा तीन आकडी नंबर कुणालाच द्यायचा नाही, आणि "तुमच्या बँकेतून बोलतोय" असं म्हटलं तर फोन ठेवून कार्डावर छापलेल्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. स्क्रीनवर दिसणारं नाव किंवा नंबर खोटा दाखवता येतो, त्याच्यावर जाऊ नका.

आणि समजा हो म्हणून बसलातच, तर स्वतःला दोष देत बसू नका, त्यात दिवस जातात आणि दिवसच इथे महत्त्वाचे असतात. युरोपियन युनियनच्या देशांत फोनवरून केलेली बरीचशी खरेदी १४ दिवसांत कारण न सांगता रद्द करता येते. भारतात आयुर्विमा किंवा आरोग्य विमा घेतला असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांची फ्री लूक मुदत असते, म्हणजे तेवढ्या दिवसांत ती परत करता येते. अमेरिकेत सावध राहा, तिथला तीन दिवसांत खरेदी रद्द करायचा नियम दारावर येऊन विकणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या फोनवर झालेल्या खरेदीला तो लागू होत नाही. कुठेही असाल तरी रद्द करायचं ते त्याच दिवशी लेखी कळवा, तारीख घाला, प्रत ठेवा, आणि खात्यातून हप्ता आपोआप जाणार असेल तर तो थांबवायला बँकेलाही त्याच दिवशी सांगा. रद्द करताना ते परत फोन करतील, "एकदा आमच्या सीनियरशी बोलून घ्या" म्हणतील, तो सीनियर आधीच्या मुलापेक्षा जास्त गोड बोलणारा असतो. त्यालाही तेच वाक्य. नकोय, ईमेल पाठवलाय, ठेवते.